सहावा दाखला

३ जून

टिल्लू,

माझं अक्षर ओळखून पाकीट न फोडताच फळीवर टाकशील, म्हणून पत्ता ऑफिसच्या टायपिस्टकडून छापून घेतला. फसलास की नाही? आता फोडलंच आहेस तर वाच. सहा फुटांचा झालास तरी माझ्यासाठी तू टिल्लूच, आणि टिल्लूने ताईचं पत्र अर्धवट टाकायचं नसतं.

चार वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस. पहिलं वर्ष मीही फुगून बसले. दुसऱ्या वर्षी वाटलं, येईल झक मारत. तिसऱ्या वर्षी मीच फोन केला, तर तुझ्या बायकोने उचलला आणि म्हणाली, ‘ते अंघोळीला गेलेत.’ दुपारचे तीन वाजले होते. बिचारीला खोटं बोलता येत नाही. मी ‘बरं’ म्हटलं आणि ठेवला.

माझं म्हणशील तर तेच चाललंय. काल संस्थेत नवी तुकडी आली. बावीस जण, सहा आठवड्यांचा वर्ग. सगळी गावोगाव विकासाची कामं करणारी माणसं. कुणी पाणीयोजना बघतं, कुणी शाळा, कुणी शेती, कुणी आरोग्य. त्यांच्या डोक्यात एवढंच भरवायचं की तुमच्या प्रत्येक कामाच्या बुडाशी ऊर्जा आहे, आणि ती नीट, टिकेल अशी बसवली नाहीत तर बाकीचं सगळं आज ना उद्या बसकण मारणार. पहिल्या दिवशी मी विचारते, ‘तुमच्या कामात ऊर्जा कुठे आहे?’ काल महिला गटांचं काम बघणाऱ्या एक बाई ठसक्यात उठल्या. ‘आमच्यात नाहीच मॅडम. आमचं काम माणसांचं, विजेचं नाही.’ मी विचारलं, तुमच्या सभेला बायका उशिरा का येतात? ‘सरपणाला जातात ना.’ किती वेळ लागतो? ‘तीनेक तास.’ मी फळ्यावर ‘तीन तास’ लिहिलं आणि खडू खाली ठेवला. बाई खाली बसल्या. दोन मिनिटांनी पुन्हा उठल्या, ‘आणि चूल पेटवून पाणी तापवायला आणखी एक लिहा.’ अशी माणसं मला फार आवडतात, टिल्लू. त्यांच्यासाठी मी रोज दोन जिने चढते, गुडघे कुरकुरत असले तरी.

आता मुद्द्यावर येते. तुझ्या बायकोचं पत्र आलंय. तुला न सांगता लिहिलंय, तिच्यावर डाफरू नकोस. तू तुझ्या जुन्या आरोग्य केंद्रासाठी पुन्हा अर्ज केलायस म्हणे. वीस जुलैला समिती बसणार आणि तिच्यापुढे चार वर्षांपूर्वीचा तो अहवाल येणार. ‘ताई, त्याचं काही करता येईल का?’ एवढंच तिने विचारलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही. तांत्रिक गोष्ट आहे, बघावं लागेल.

तुला बसवलंय त्या गोदामात धूळ असेल. नाकाला रुमाल बांधत जा, तुला शिंका सुरू झाल्या की थांबत नाहीत.

१४ जून

टिल्लू,

उत्तर नाही. हरकत नाही. हट्टीपणा तुला एकट्यालाच मिळालेला नाही.

आज वर्गात एका बाईंनी माझं डोकं फिरवलं. वीस वर्षं दवाखान्यात परिचारिका होत्या, आता आरोग्याच्या प्रकल्पांवर देखरेख करतात. चष्मा दोरीला, हातात लाल पेन. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, मीसुद्धा. आज सहावा दाखला शिकवायचा होता.

सहावा दाखला म्हणजे काय ते तुला सांगायलाच हवं. वर्गात मी बारा दाखले शिकवते, खरी झालेली कामं, कुठे जमलं, कुठे फसलं. सहावा असा: डोंगरावरचं एक आरोग्य केंद्र. लशींचा फ्रीज चालावा म्हणून सौर यंत्रणा बसवली. हिशोब चोख. तरी आठ महिन्यांत बॅटऱ्या मेल्या, फ्रीज बंद पडला आणि लशी फेकून द्याव्या लागल्या. कारण, केंद्रप्रमुखाने यादीबाहेरचं उपकरण जोडलं. धडा, यंत्रणा देण्याआधी वापरणाऱ्याला शिकवा.

हो, तुझंच केंद्र. आणि केंद्रप्रमुख तू. चार वर्षं शिकवतेय, नऊ तुकड्यांना शिकवलं. तुझं नाव कधी घेतलं नाही, गावाचंही नाही. मोठे उपकार केलेस, असं म्हणशील. म्हण.

तर सिस्टर उठल्या. ‘मॅडम, ते यादीबाहेरचं उपकरण कुठलं होतं?’

‘चिमटे, कात्र्या उकळून निर्जंतुक करायचं भांडं. विजेवरचं.’

बाई चक्क हसल्या. ‘अहो, जिथे बाळंतपणं होतात तिथे ते यादीबाहेर कसं असेल? ते पहिल्या ओळीत पाहिजे! तुमच्या इंजिनिअरने केंद्र पाहिलं तरी कुठल्या दिवशी?’

‘नोंद नाही,’ मी म्हटलं. आणि वर्ग दहा मिनिटं आधी सोडला. मी! घंटेनंतरही पाच मिनिटं डोकं खाणारी बाई म्हणून मला ओळखतात. चहाला बसले तरी रागाने कानशिलं तापली होती. दीडशहाणी, म्हटलं मनात. चष्म्याची दोरी तुटो हिची.

नोंद नाही म्हणाले खरी.

१५ जून

टिल्लू,

नोंद आहे. कपाटात, माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात. आज सकाळी काढून पाहिली. पाहणीचा वार, रविवार.

तू फोनवर सांगितलं होतंस, ‘ताई, मंगळवारी ये. बायकांचा दिवस असतो, केंद्र धावताना बघशील.’ मी म्हटलं, ‘मंगळवारी माझी बैठक आहे. आणि भार काय वार बघून बदलतो का रे?’ खरं तर मला रविवारच हवा होता. काम उरकायचं, तुझ्या घरी जेवायचं, संध्याकाळच्या बसने परत. एका दगडात दोन पक्षी.

रविवारी केंद्र बंद. तू किल्लीने उघडलंस. फरशी नुकती पुसलेली, खाटा रिकाम्या, एक चिटपाखरू नाही. मी जोडलेलं जेवढं दिसलं तेवढं मोजलं. एक फ्रीज, चार दिवे, एक पंखा. तू मागून म्हणालास, ‘ताई, अजून एक आहे. कपाटात, धुऊन ठेवलंय.’ आणि मी म्हटलं, ‘कपाटातलं कपाटात राहू दे. चल, पानं वाढून झाली असतील.’

शब्दन् शब्द आठवतो मला. तुलाही आठवतो, हे मला चार वर्षं माहीत आहे.

आज पुन्हा हिशोब मांडला. मी यंत्रणा बसवली दिवसाला दीड युनिटाची. ते भांडं दोनदा लावलं की आणखी दोन युनिटं जातात. म्हणजे मी दिलं त्याच्या दुपटीहून जास्त तुला लागत होतं. त्या बॅटऱ्या कुणाच्याही हातात मेल्या असत्या. तुझ्याकडे रॉकेलचा स्टोव्ह होता तोवर तू त्यावर उकळत होतास. रॉकेल यायचं बंद झालं, मग काय करणार होतास? न उकळलेल्या कात्रीने नाळ कापणार होतास? तुला फ्रीज आणि बाळंतीण यांतलं एक निवडायला मी लावलं, आणि वर तुलाच गुन्हेगार ठरवलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

चौकशीत तांत्रिक मत माझ्याकडे मागितलं होतं. तेव्हा हा वर्ग मंजूर होऊ घातला होता आणि प्रमुख म्हणून माझं नाव पुढे होतं. जिची स्वतःची यंत्रणा आठ महिन्यांत झोपली, ती दुसऱ्यांना काय शिकवणार? म्हणून लिहिलं, ‘अनधिकृत उपकरण जोडल्यामुळे’. वाटलं, तुला एखादी ताकीद मिळेल, चार दिवस तोंड पाडून बसशील, मग विसरशील. त्यांनी केंद्रच काढून घेतलं. बारा वर्षं चालवलेलं केंद्र! आणि तुला खोकी मोजायला गोदामात बसवलं.

त्यानंतर तू आला होतास. दारातच उभा राहिलास, चपलाही काढल्या नाहीस. ‘ताई, कपाटातलं तू लिहिलंस का अहवालात?’ मी म्हटलं, ‘तांत्रिक गोष्ट आहे ती, तुला नाही कळायची.’ तू जिना उतरलास. मी खिडकीतून पाहिलं, वळून बघशील म्हणून.

लहानपणी घरातला फ्यूज मी उडवला होता आणि बोट तुझ्याकडे दाखवलं होतं. तू मुकाट मार खाल्लास. मला सवय तेव्हाच लागली असणार.

माफ कर, असं लिहून मोकळी होत नाही. आधी करते, मग मागते.

२ जुलै

टिल्लू,

सोबतची माझ्या लेखी जबाबाची प्रत वाच. समितीला आणि तुझ्या खात्याला, दोघांनाही कालच्या टपालाने गेली. माझी सही नीट आली नाही, पण सही माझीच आहे.

पहिला मसुदा मी फार हुशारीने लिहिला होता. ‘पाहणीत काही परिस्थितीजन्य त्रुटी राहून गेल्या’ वगैरे. मग म्हटलं, कुणाला तरी दाखवावा. दाखवणार कुणाला? गेले सिस्टरांकडे. त्यांनी चष्मा चढवला, लाल पेन काढलं आणि ‘त्रुटी’खाली रेघ मारून कडेला लिहिलं, ‘कुणाच्या?’ बस्स. मी तिथेच बसून दुसरा लिहिला. तो अर्ध्या पानाचा झाला. खरं बोलायला कागद कमी लागतो, हे छप्पन्नाव्या वर्षी कळलं मला.

मग संचालकांकडे गेले. माणूस वाईट नाही, पण घाबरट. म्हणाले, ‘बाई, गाडलेली मढी कशाला उकरता? ऑगस्टात आपल्या वर्गाची तपासणी आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.’ मी म्हटलं, ‘साहेब, त्या मुठीत माझा भाऊ आहे.’ त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. म्हणाले, ‘प्रमुखपद राहणार नाही तुमच्याकडे, एवढं ध्यानात घ्या.’ मी ध्यानात घेतलं. घेताना दारावरची माझी पाटी आठवली, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी वर्गात सहावा दाखला पुन्हा उघडला. म्हटलं, मी तुम्हाला हा चुकीचा शिकवला, आता खरा ऐका. सगळं सांगितलं. रविवार, कपाट, जेवण, अहवाल. केंद्रप्रमुख माझा सख्खा भाऊ, हेही सांगितलं. मला वाटलं, आता हे उठून निघून जातील. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

तर पाणीयोजनेचे गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, ‘मॅडम, मी सगळी गावं सोमवारीच बघतो. सोमवारी ऑफिसची जीप मोकळी असते.’ शाळा बघणारी मुलगी म्हणाली, ‘मी सुट्टीत जाते. पोरं नसली की खोल्या नीट मोजता येतात.’ महिला गटांच्या बाई म्हणाल्या, ‘आम्ही बारा वाजता जातो. तेव्हा बायका सरपणाला गेलेल्या असतात आणि आम्ही त्यांच्या नवऱ्यांना विचारतो, चुलीचा त्रास होतो का म्हणून.’ एवढं हसलो आम्ही, आणि हसता हसता सगळ्यांचेच चेहरे उतरले. सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे, आणि त्यांना शिकवणारी मी सर्वांत उंच उंटावर.

मग आम्ही बसून पाहणीचा फॉर्म नव्याने केला. जिथे यंत्रणा द्यायची तिथे सर्वांत गर्दीचा दिवस विचारायचा, कुलूप उघडल्यापासून लागेपर्यंत तिथेच थांबायचं, आणि जोडलेलं मोजून झालं की विचारायचं, ‘कपाटात काय आहे?’ हा शेवटचा प्रश्न सिस्टरांनी घालायला लावला. मी नको म्हणत होते, मला लाज वाटत होती.

वीस तारखेला माझा जीव टांगणीला लागणार आहे. तुझाही लागेल, मला ठाऊक आहे. दोघांनी वेगवेगळ्या गावांत बसून एकाच गोष्टीची काळजी करायची, याला काय अर्थ आहे?

आता मागते. माफ कर मला.

२४ जुलै

टिल्लू, अरे टिल्लू!

कार्ड आलं. चारच ओळी, पण आलं तर खरं. ‘पत्रं मिळाली. केंद्र मिळालं, एक तारखेला रुजू होतो. राग आहे अजून. संस्थेचं बोलावणं आलंय, येईन, पण तुझ्याकडे उतरणार नाही.’ अकरा वेळा वाचलं. शेवटच्या ओळीवर जरा डोळे भरून आले, मग पुन्हा ‘केंद्र मिळालं’ वाचलं आणि सावरले. शेजारच्या काकूंना वाटलं, मला लॉटरी लागली.

राग ठेव. तुझा हक्काचा आहे. पुरवून पुरवून वापर, एकदम संपवू नकोस, नाहीतर मला भांडायला कोण उरेल?

प्रमुखपद गेलं. दारावरची पाटी काढली तेव्हा मी मुद्दाम ग्रंथालयात जाऊन बसले होते. दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. सगळ्यांना सांगत होते, बरं झालं, कटकट गेली. मनातून जळत होते. तुझ्यापुढे कबूल करायला हरकत नाही, तू मला फ्यूज उडवताना पाहिलेलं आहेस. आता मी नुसती शिकवणारी बाई, सामायिक खोलीत, पंख्याखालची जागा नसलेली.

ते बोलावणं माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. जाता जाता सिस्टरांनी संचालकांना सुनावलं, ‘सहावा दाखला यापुढे ज्याचा आहे त्याने शिकवावा.’ मला मागाहून कळलं. तेरा ऑगस्टला नव्या एकवीस जणांच्या तुकडीपुढे तुझा तास आहे. नव्यांना यातलं काही ठाऊक नाही, माझी सुधारलेली टिपणं अजून छापून यायची आहेत. तुला जे सांगायचं ते सांग. मी मागच्या बाकावर बसेन, मध्ये बोलणार नाही. हसू नकोस, खरंच नाही बोलणार.

१४ ऑगस्ट

टिल्लू,

काल तू दुपारच्या बसने गेलास. थांबवलं नाही मी. तू घरी येणार नाही म्हणाला होतास, आणि मी एकदा तरी तुझं ऐकायचं ठरवलं होतं.

जाड झालायस. केस पांढरे झालेत, मागून तर अगदी बाबा. ओळखायला मला एक क्षण लागला, त्याचं फार वाईट वाटलं. आणि मग तू व्हरांड्यात मला विचारलंस, ‘मॅडम, प्लग कुठे आहे?’ मॅडम! अहो-जाहो! मी म्हटलं, ‘फळ्याच्या डाव्या हाताला, सर.’ आपण दोघंही काय नाटकी आहोत रे.

पिशवीतून तू ते भांडं काढलंस तेव्हा मी बाकावरून मान लांब करून पाहिलं. चार वर्षं मी त्याच्याविषयी बोलत होते आणि ते मी कधी पाहिलंच नव्हतं. केवढंसं आहे ते! तू त्यात पाणी घातलंस, चिमटे ठेवलेस, मीटर जोडलास आणि म्हणालास, ‘चाळीस मिनिटं लागतील. तोवर कुणी उठायचं नाही. बाळंतीण पलीकडच्या खाटेवर कळा देतेय असं समजा आणि वाट बघा.’ मी चार वर्षं शिकवतेय, असा तास मला कधी सुचला नाही. पाच मिनिटांत पोरं चुळबुळायला लागली. दहा मिनिटांनी शेतीखात्याचा तो उंच मनुष्य म्हणाला, ‘सर, हे एवढं खातं वीज?’ तू म्हणालास, ‘खातं. आणि उपाशी ठेवलं तर माणसं खातं.’ मग तू सगळं सांगितलंस. कुणावर आवाज चढवला नाहीस. अहवालात काय लिहिलं होतं ते सांगितलंस, कुणी लिहिलं ते सांगितलं नाहीस.

आणि मग त्या चष्मेवाल्या मुलीने विचारलं, ‘सर, ज्या इंजिनिअरने असा अहवाल लिहिला त्यांचं पुढे काय झालं? अशा लोकांना पुन्हा काम देतात का?’

मी उठणारच होते. टिल्लू, खरं सांगते, बाकाला हात टेकले होते. मी आहे ती, असं म्हणणार होते. पण उठले नाही. तू मीटरकडे बघत होतास. तुला ऐकू आलं नाही की काय, असं वाटलं. मग तू न वळताच म्हणालास,

‘मागच्या बाकावर बसलीये. माझी ताई आहे. चूक तिने केली, आणि ती तिनेच लिहून दिली, म्हणून मी इथे उभा आहे. आता आकडा लिहून घ्या.’

एकवीस माना मागे वळल्या. मी कुठे बघत होते मला माहीत नाही.

त्यानंतर तू अर्धा तास बोललास म्हणे. सगळे सांगतात, फार छान बोललास, यंत्रणा कशी मोजायची, गावातल्या कुणाला तिची देखभाल शिकवायची, पावसाळी दिवसांचं काय करायचं. मी वही उघडून बसले होते, हातात पेन होतं, आणि माझ्या वहीत ‘माझी ताई आहे’ एवढंच उतरलंय. त्यापुढे पान कोरं. परीक्षेला आलं तर मी नापास.

तेव्हा तुला यावं लागेल रे, आणि तेवढा अर्धा तास मला पुन्हा शिकवावा लागेल. वर्गात नको. घरी ये.